सायकलचे अर्धे पैसे

सुट्टी जवळ आली की आमच्या ब्लॉकमध्ये दिवे बंद झाल्यावर दोनच विषय असतात. एक घरचे जेवण, दुसरा सायकल. नववी-दहावीतल्या निम्म्या कॅडेट्सना सायकल हवी असते आणि त्यातल्या बहुतेकांनी ती रविवारच्या फोनवर मागितलेली असते. फोनला मिनिटे मोजून मिळतात. तब्येत, मार्क, पुढच्या आठवड्याची मॅच हे सगळे सांगून झाल्यावर शेवटच्या अर्ध्या मिनिटात "आई, सायकल घ्यायची का?" असे विचारले, तर उत्तर "बघू" असेच येणार. "बघू" म्हणजे नाही, हे सांगायला नको.

म्हणून हा लेख. सायकलसाठी घरच्यांकडे पैसे कसे मागावेत, त्याआधी कोणता हिशोब करावा, आणि त्या हिशोबात सायकलच कशी बदलते, हे मी गेल्या हिवाळी सुट्टीत आमच्या घरी केलेल्या प्रयत्नावरून सांगणार आहे. आमचे घर बोम्मसंद्राला आहे. बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रोडवर, आनेकल तालुक्यात. बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये शिफ्टवर आहेत. मूळचे आम्ही गडहिंग्लजकडचे, पण माझा जन्म इकडचाच.

आपल्याला लष्करी पद्धतीने विचार करायला शिकवतात, त्याची जागा मला इथे सापडली. ॲप्रिसिएशन लिहिताना आधी एम, मग फॅक्टर्स, मग कोर्सेस आणि शेवटी प्लॅन. यातला एम एका वाक्यात आला पाहिजे आणि त्यात "आणि" हा शब्द नको, असे आमचे सर म्हणतात. मी वहीत लिहिले: "सायकल मिळवणे." मग जाणवले की हा एम नाही, ही नुसती इच्छा आहे. सायकल कशासाठी, हे त्यात कुठेच नाही. तो प्रश्न तसाच ठेवून मी आधी किमतीकडे वळलो, कारण किंमत काढणे सोपे असते.

दुकानातली किंमत आणि सायकल रस्त्यावर येईपर्यंतची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी जी साधी, बिनगिअरची सायकल पाहिली तिची किंमत ८,४०० रुपये होती. पण आजकाल सायकल बहुधा उघडीवाघडी विकतात. मडगार्ड, कॅरिअर आणि घोडी यांचे मिळून ७५० वेगळे. कुलूप ३००. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा ४५०. हेल्मेट १,१००. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान ४००. बेरीज केली तर ११,४०० होते. म्हणजे बोर्डावरच्या किमतीपेक्षा ३,००० जास्त. घरी ८,४०० सांगून नंतर एकेक वस्तू मागत गेलात, तर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. सगळा आकडा पहिल्याच दिवशी सांगावा.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ८,४०० मध्ये मूळ किंमत ८,००० आणि कर ४०० आहे. जुन्या दराने हीच सायकल ८,९६० ला पडली असती. वाचलेल्या ५६० रुपयांत दोन्ही दिवे येऊन वर ११० उरतात. बाबांना हा मुद्दा आवडला, कारण तो बिलावर तपासता येतो.

बाबा स्वतः सायकल शिकले ते गावात तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर. सीटवर बसून पाय पोचत नसत, म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत. आजोबांची स्वतःची सायकल घरात आली ती बरीच नंतर, आणि तिला घरात बैलजोडीइतका मान होता असे आजी सांगते. आमच्या घरात "साधी सायकल" हा शब्द त्यामुळे कोणी सहज वापरत नाही.

आणि खरोखरच ती एकेकाळी साधी नव्हती. आपल्या बेळगावातला किर्लोस्कर रोड सगळ्यांना माहीत आहे. आउटपासवर आपण तिथून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते, तेव्हाच त्यांनी भावाबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या इथे विकायचे. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि सायकल चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये, असे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या काळच्या सातशे रुपयांत काय काय आले असते याचा अंदाज तुमच्या पणजोबांच्या गोष्टींवरून करा. सायकल ही तेव्हा साहेबांची आणि संस्थानिकांची चैन होती. पुढे याच दुकानातून कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू सायकल घेतोस आणि मी कारखाना काढायचा, असं ना?" आमच्या घरी विनोद झाला की ओळखावे, चर्चा पुढे सरकली आहे.

पण खरा प्रश्न त्यांनी पुढच्याच वाक्यात विचारला. "तू वर्षातले दिवस किती घरी असतोस?"

डे-स्कूलमधल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्याला विचारणारच, आणि तो रास्त आहे. उन्हाळी आणि हिवाळी सुट्टी मिळून मी साधारण ७५ दिवस घरी असतो. शाळेत स्वतःची सायकल ठेवायला परवानगी नाही. बारावीनंतर एन.डी.ए. किंवा आणखी कुठे, म्हणजे घरी राहायचा काळ आणखी कमी. तीन वर्षे धरली तर २२५ दिवस. ११,४०० भागिले २२५ म्हणजे दिवसाला जवळजवळ ५१ रुपये. त्यातले पावसाचे, गावी गेल्याचे आणि नुसते लोळत काढलेले दिवस वजा केले तर आकडा आणखी वाढतो. आमच्या घरात ताईच्या कॉलेजची फी आहे, घराचा हप्ता आहे, गावी आजीच्या औषधांचे पैसे पाठवायचे असतात. अशा घरात उरलेले २९० दिवस भिंतीला टेकून राहणाऱ्या वस्तूला ११,४०० रुपये द्या म्हणणे अवघड आहे. हिशोब वहीत स्वच्छ मांडल्यावर तो माझ्याच विरुद्ध गेला होता.

मग फॅक्टर्स पुन्हा पाहिले. ऑगस्ट २०२५मध्ये आमच्याकडे मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, १९ किलोमीटरच्या थोडी वर, १६ स्टेशने, आणि शेवटचे स्टेशन आमचे. ताई जयनगरच्या कॉलेजला जाते. पूर्वी होसूर रोडवरच्या गर्दीत तिचे बसमध्ये किती तास जायचे ते विचारू नका. आता मेट्रोने ती वेळेवर पोचते. पण घर ते स्टेशन हे अडीच किलोमीटर राहिलेच. संध्याकाळी ती चालत येते. सकाळी उशीर होतो म्हणून रिक्षा. बंगळुरूत १ ऑगस्ट २०२५पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दोन किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १८ रुपये आहे. अडीच किलोमीटरचे ४५ झाले. (रिक्षा मीटरने आली तर. बंगळुरूचे वाचक इथे हसतील.) महिन्यात वीस दिवस कॉलेज धरले तर ९०० रुपये.

आता तीच सायकल ताईसाठी धरून हिशोब केला. ११,४०० भागिले ९०० म्हणजे तेरा महिन्यांच्या आत पूर्ण वसूल. कॉलेजच्या सुट्ट्या धरल्या तर दीड वर्ष लागेल. वेळेचाही हिशोब होतो. अडीच किलोमीटर चालायला अर्धा तास लागतो, सायकलने आठ-नऊ मिनिटे. वर्षातले २९० दिवस सायकल घराची, ७५ दिवस माझी. एम बदलला: "घर ते स्टेशन हा रोजचा खर्च बंद करणे." यात "आणि" नाही, हे सरांच्या लक्षात यावे.

सायकल दिली की मुलीचे शिक्षण किती बदलते याचा मोठा दाखला बिहारमध्ये आहे. तिथे २००६ मध्ये सरकारने नववीत दाखल होणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. शाळा घरापासून लांब होती तिथे परिणाम जास्त दिसला, जवळ होती तिथे फारसा नाही. सायकलची किंमत अंतरावर ठरते ती अशी. कर्नाटक सरकारनेही २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना राबवली. ताई त्या शाळांतली नव्हती. "पाच वर्षं उशिरा का होईना, मला सायकल मिळतेय," असे ती म्हणाली, आणि बाबांकडे पाहून म्हणाली, माझ्याकडे नाही.

हिशोब बदलला की सायकलही बदलते. माझ्या मनात होती ती जाड टायरची, २१ गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. ती चौदा हजारांच्या पुढे जाते आणि तिला कॅरिअर शोभत नाही. आता हवी होती ती ताई कॉलेजच्या कपड्यांत बसू शकेल अशी, म्हणजे मधली नळी खाली उतरलेली. सीटचा खटका हाताने सैल करून वरखाली करता येईल अशी, कारण माझी उंची तिच्यापेक्षा चार इंच जास्त आहे. दप्तर आणि भाजी दोन्ही राहतील असे कॅरिअर. साखळीवर पूर्ण कव्हर, नाहीतर ओढणी अडकते.

गिअर हवेत की नकोत, यावर आमच्या ब्लॉकमध्ये मारामारी व्हायची वेळ येते, म्हणून थोडे सांगतो. पेडलच्या चक्राला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. २६ इंची चाकाचा परीघ टायर धरून साधारण २.०५ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात ५ मीटर पुढे. मिनिटाला ६० फेरे मारले तर ३०० मीटर, ताशी १८ किलोमीटर. सपाट रस्त्यावर हे उत्तम. चढावर मात्र याच दातांनी पाय भरून येतात. गिअरच्या सायकलवर पुढे २८ आणि मागे २८ दात घेतले, तर एका फेऱ्यात २.०५ मीटरच जाता, पण जोर निम्म्याहून कमी लागतो. काम तेवढेच, ते जास्त फेऱ्यांत वाटून दिले जाते. बेळगावहून आंबोली घाटाकडे जायचे असेल तर गिअर हवेतच. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत एकच लहानसा चढ आहे, तो ताई उतरून चालत जाईल. बिनगिअरच्या सायकलीत बिघडण्यासारखे कमी असते आणि ती कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दुरुस्त करू शकतो, हे गिअरवाल्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

आईचा आक्षेप पैशांचा नव्हताच. तिला होसूर रोडची भीती वाटते, आणि ज्यांनी तो रोड पाहिला आहे त्यांना तिचे म्हणणे पटेल. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, मधूनच उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. इथे "काही होत नाही गं" म्हणून चालत नाही. मी आणि ताईने दोन सकाळी चालत रस्त्याची रिकी केली. मोठ्या रस्त्याला न लागता वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांतून जाणारी वाट सापडली. अंतर तीनशे मीटर वाढते, पण मोठा चौक एकच पार करावा लागतो आणि तो सायकल हातात धरून पार करायचा. कागदावर नकाशा काढून फ्रीजवर लावला. आईशी आणखी दोन गोष्टी ठरल्या. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला कधीही जायचे नाही, कारण तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. आणि पावसात वेग निम्मा. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढे अंतर गेलेले असते, आणि रिम ओली असली तर रबर लगेच पकडत नाही. सायकलवर हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही. आमच्या घरी आहे.

काही जणांचे म्हणणे असते की एवढा खर्च करण्यापेक्षा घरची स्कूटीच चालवू. ज्यांचे आई-वडील हा लेख वाचत असतील त्यांच्यासाठीही हे लिहितो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ज्याला पुढे फौजेत जायचे आहे त्याने हे एकदा वाचावे.

आता पैसे. मी सगळे मागितले नाहीत, अर्धे मागितले. ५,७०० माझे, ५,७०० घरचे. माझ्या बँक खात्यात दिवाळी-वाढदिवसाचे साठलेले ४,३०० होते. (दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते उघडून चालवता येते, ज्यांचे नसेल त्यांनी सुट्टीत उघडावे.) उरले १,४००. जानेवारी ते जून सहा महिने, महिन्याला साधारण २३५ रुपये, हे टक शॉपमधून वाचवायचे आहेत. सामोसे किती कमी होतील ते मोजले आहे, इथे लिहीत नाही. घरच्यांचे ५,७०० सुद्धा एकदम मागू नयेत. महिन्याला ९५० प्रमाणे सहा महिने, असे मांडले. एकरकमी ५,७०० ऐकल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर ताईची जूनमधली फी दिसते. ९५० ऐकल्यावर ती दिसत नाही. शिवाय हा आकडा रिक्षाच्या ९०० च्या जवळ आहे. सायकल आली की त्यांचा हिस्सा कॉलेज चालू असलेल्या सात महिन्यांत परत येतो.

हे सगळे मी एका पानावर लिहून सहीसाठी ठेवले. बाबांनी विचारले, मी माझे १,४०० साठवले नाहीत तर? कायद्याने ते माझे काही करू शकत नाहीत. १८७२ च्या करार कायद्यात अठरा वर्षांखालच्याशी केलेला करार धरला जात नाही. मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये तो मुळातच रद्दबातल ठरवला. कायद्याच्या मराठीत अशा मुलाला "अज्ञान" म्हणतात, ही माहिती मिळाल्यापासून ताई मला त्याच नावाने हाक मारते. म्हणून पानावर एक ओळ वाढवली: जूनपर्यंत माझे पैसे पूर्ण झाले नाहीत तर सायकल ताईच्या नावावर येईल, आणि सुट्टीत मी ती तिला विचारून घेईन.

ज्यांच्या घरी अर्धेही निघणे कठीण आहे त्यांनी जुनी सायकल पाहावी. मूळ बिल मागावे आणि पेडलच्या दांड्याखाली कोरलेला फ्रेम नंबर त्याच्याशी जुळतो का पाहावे. जुळत नसेल तर ती सायकल स्वस्त असली तरी सोडावी. फ्रेमचे सांधे बोटाने तपासावेत, भेग असेल तर घेऊ नये. चाक उचलून फिरवावे; ते डुलत असेल तर आऱ्या ओढून सरळ होते, तो खर्च थोडा. पेडलचा दांडा हलवून पाहावा, आत खटखट झाली तर बेअरिंग गेलेले असते. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर बदलायचे धरूनच भाव करावा.

आणि आपल्यासारख्यांची सायकल महिनोन् महिने उभी राहते, त्याचीही सोय पाहावी लागते. हवा हळूहळू जाते आणि रिकाम्या टायरवर वजन राहिले की तो रिमच्या कडेला चिरतो. म्हणून सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर ठेवावी किंवा भिंतीला खिळ्यावर टांगावी. साखळी पुसून तेलाचे थोडेच थेंब द्यावेत. जास्त तेल धूळ धरते. आमच्याकडे ताई रोज वापरणार असल्याने हा प्रश्न येत नाही. पानावर बाबांची सही झाली आहे, आईची नकाशाखाली आहे. रंग अजून ठरलेला नाही. ताईला निळा हवा आहे, मला काळा, आणि बाबांचे म्हणणे आहे की अंधारात दिसेल असा पिवळा घ्या.